सकाळी उघडलेलं संध्याकाळी झाकायचं: चालू शेडचं छप्पर कसं बदलावं

भोसरी, चिंचवड, सातपूर, वाळूज, शिरोली. यांतल्या कुठल्याही जुन्या एमआयडीसीत पाण्याच्या टाकीवर चढून पाहिलं की सिमेंटच्या पत्र्यांची राखाडी छपरं दिसतात. शेवाळ धरलेली, जागोजागी डांबराची ठिगळं लावलेली. दर जूनमध्ये त्यांच्याखाली बादल्या मांडल्या जातात, मशीनवर प्लास्टिक टाकलं जातं. मग एक दिवस मालक नव्यानं लागलेल्या मेंटेनन्स इंजिनिअरला बोलावून सांगतात, "यंदा पत्रे बदलून टाकू. पण प्रॉडक्शन बंद ठेवता येणार नाही."

हा लेख त्या इंजिनिअरसाठी आहे. छोट्या शेडचे मालक स्वतःच हे काम अंगावर घेतात, त्यांच्यासाठीही आहे. माझी पंचवीस वर्षं मेंटेनन्समध्ये गेली, आणि चालू शेडचं छप्पर बदलता येतं हे मी खात्रीनं सांगतो. सगळं वेळापत्रक मात्र एका नियमावर उभं राहतं: जेवढं संध्याकाळपर्यंत झाकता येईल, तेवढंच सकाळी उघडायचं.

हा नियम मला एका मार्च महिन्यानं शिकवला. ठेकेदाराकडे त्या दिवशी माणसं जास्त होती, म्हणून आम्ही एकाऐवजी दोन गाळे, म्हणजे छपराचे दोन टप्पे, उघडले. तीन वाजेपर्यंत लख्ख ऊन होतं. साडेतीनला आभाळ भरून आलं आणि धुळीचा पहिला लोट शेडमध्ये शिरला. ताडपत्री होती, पण गोडाऊनमध्ये घडी घालून ठेवलेली, तिला दोऱ्याही बांधलेल्या नव्हत्या. चार जण ती वर घेऊन गेले आणि पर्लिनवर (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या लोखंडी पट्टीवर) उभं राहून टोकं धरली. वारा खालून शिरला तशी ताडपत्री पोट फुगवून वर उठली आणि कोपऱ्यावरचा मुलगा चवड्यांवर उचलला गेला. "सोड! सोड ती!" मी खालून ओरडलो. त्यानं सोडली, म्हणून तो वाचला. ताडपत्री शेजारच्या शेडच्या भिंतीवर जाऊन अडकली आणि वळवाचा पाऊस थेट एका व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या कटाईच्या मशीनच्या) विजेच्या पॅनेलवर पडला. मशीन नऊ दिवस बंद राहिलं. दोन गाळे उघडून आम्ही एक दिवस वाचवायला निघालो होतो.

आधी खालून बघा

"जरा वर जाऊन बघून येतो" हे वाक्य या धंद्यात सगळ्यात महागात पडतं. जुना सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो, पण ऊन-पावसानं तो आतून ठिसूळ झालेला असतो आणि माणसाचं वजन पडलं की काही न सांगता तुटतो. शेवाळानं झाकलेला प्रकाशाचा फायबरचा पत्रा तर शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यातून वेगळा ओळखूही येत नाही. खाली सात-आठ मीटरवर काँक्रीटची फरशी असते. त्यामुळे पहिली पाहणी खालून, सिझर लिफ्टवरून (कात्रीसारखा उघडून वर जाणारा पाळणा) किंवा ड्रोननं करायची. पत्र्यावर थेट पाय टाकायचा नाही, हे ठेकेदाराच्या माणसांनाही लागू आणि मालकांनाही.

पाहणीला जाताना शेडचा नकाशा हातात असू द्या. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी सांगाड्याला कैची म्हणतात. दोन कैच्यांमधल्या जागेला आपण गाळा किंवा बे म्हणतो. प्रत्येक गाळ्याला नंबर द्या आणि त्याच्याखाली काय काय आहे ते लिहा: कोणती मशीन, कोणती पॅनेल, कुठली केबल ट्रे, हवेची लाइन, ओव्हन, पेंटबूथ, कच्चा माल, माणसांची येण्याजाण्याची वाट, फायर एक्झिट. छपरातून वर गेलेल्या चिमण्या, एक्झॉस्ट, तडित रक्षकाची पट्टी, सोलरच्या केबल हेही टिपा. काम कुठून सुरू करायचं ते हा कागद ठरवतो. पहिला गाळा नेहमी असा निवडा की ज्याच्याखाली फारसं काही नाही, म्हणजे डिस्पॅचची मोकळी जागा किंवा स्क्रॅप यार्डची बाजू. टीमचा हात तिथे बसतो. सगळ्यात नाजूक गाळा मध्यावर घ्यायचा, कारण तोपर्यंत माणसं तयार झालेली असतात आणि अजून थकलेली नसतात.

काढायचे की वरून झाकायचे?

ठेकेदार एक सोपा मार्ग सुचवतात: जुना पत्रा तसाच ठेवून त्यावर नवा बसवू. शेड एक मिनिटही उघडं पडत नाही, हे खरं. पण तसं करायला जुन्या पत्र्याला शेकडो भोकं पाडावी लागतात आणि प्रत्येक भोकातून ॲस्बेस्टॉसची धूळ खाली पडते. पर्लिनी गंजल्या असतील तर त्या तशाच झाकल्या जातात. आणि पुढच्या माणसाला एकाऐवजी दोन छपरं काढावी लागतात. खाली क्लीन रूमसारखं (धूळमुक्त खोली) काही असेल, जे हलवताच येत नाही, तर एखाद्या गाळ्यापुरता हा मार्ग मी मान्य करेन, तोही स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लिहून दिल्यावर. एरवी काढून बदलायचं.

ॲस्बेस्टॉसबद्दल इथेच स्पष्ट लिहितो. आपल्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुतेक पांढरं ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा अखंड आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये धरून राहतात. तो फोडला, कापला, घासला की मोकळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते. आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतो, आणि म्हणूनच साइटवर कोणी त्याला घाबरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं जपायला सांगितल्या, त्यामागे हेच कारण होतं. आज पत्रा उतरवणारा मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याची पन्नाशी आपल्या डोळ्यांसमोर नसेल, पण तिची जबाबदारी आज आपल्यावर आहे.

हलक्या छपराला वारा जड जातो

नवीन लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही. सहा मिलिमीटरच्या सिमेंटच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे १४ किलो असतं. त्याजागी अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत गॅल्व्हल्यूम (ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेला पोलादी) पत्रा आला की ते पाचेक किलोवर येतं. वजन कमी झालं म्हणून सगळे खूश होतात. पण जुनं छप्पर स्वतःच्या वजनानं थोडंफार खाली बसून राहत होतं, नवीन तसं राहत नाही. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये पुणे आणि नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबईसाठी ४४. वेगाच्या वर्गाला ०.६ नं गुणलं की दाब निघतो. म्हणजे पुण्यात चौरस मीटरला साधारण ९१२ न्यूटन, जवळजवळ ९३ किलो, आणि मुंबईत सुमारे ११८ किलो. उंची, भूभाग, उघडे दरवाजे, छपराचा कोपरा यांचे गुणक त्यावर वेगळे लागतात. हा दाब छपराला बऱ्याचदा वर ओढतो. त्यामुळे पर्लिनी, त्यांचे क्लीट (त्यांना कैचीवर धरणारे तुकडे), सॅग रॉड (पर्लिनी एकमेकींना बांधणाऱ्या सळया) आणि कैचीचे पायाचे बोल्ट ओढ घेतील का, हे इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय पत्र्याची ऑर्डर देऊ नका.

पत्रा निवडताना तीन गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घ्या: रंगाशिवायची पोलादाची जाडी, लेपाचं वजन आणि रंगाचा प्रकार. "पॉइंट फाइव्हचा पत्रा" असं तोंडी सांगतात तेव्हा ती जाडी लेपासकट की लेपाशिवाय, तिथेच फरक पडतो. गॅल्व्हल्यूमचा लेप म्हणजे ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी मुख्यतः जस्त आणि थोडं सिलिकॉन. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. हे आकडे ठेकेदारानं कागदावर दिले नाहीत तर दुसरा ठेकेदार बघा.

उष्णतेचा विचारही आत्ताच करा. नुसत्या धातूच्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये उभं राहवत नाही आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही. पन्नास मिलिमीटरचं फॉइल लावलेलं ग्लासवूल पर्लिनीवर अंथरून त्यावर पत्रा टाकला तर दोन्ही त्रास कमी होतात. पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली) बसवायला झटपट असतात, पण आतला फोम पेटू शकतो. खाली वेल्डिंग, भट्टी किंवा पेंटिंग असेल तर मी ग्लासवूल किंवा रॉकवूलच घेईन.

दिवस कोणते धरायचे

दिवाळी ते फेब्रुवारीअखेर. परतीचा पाऊस गेलेला असतो, वळीव सुरू झालेला नसतो. पत्रा, स्क्रू, जाळ्या, लिफ्ट, परवानग्या हे सगळं दिवाळीच्या आधी हाताशी हवं, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतच पहिले दोन-तीन गाळे निघून जातात. त्यानंतर साप्ताहिक सुट्टी वापरा. भोसरी-चिंचवडकडे ती गुरुवारी असते. क्रेनचा रस्ता अडवणारं, मेन पॅनेलवरचं, हमरस्त्यावरचं काम गुरुवारसाठी राखून ठेवा आणि साधे गाळे इतर दिवशी घ्या.

ठेकेदाराशी काय लिहून घ्यायचं

दरावर सगळे घासाघीस करतात. मी तीन कलमांवर करतो. रोज चार वाजता उघडा भाग बंद झालाच पाहिजे. बंद होत नसेल तर थांबवण्याचा अधिकार माझा आणि त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही, म्हणजे माणसं घाईत जीव धोक्यात घालत नाहीत. वर जाणाऱ्या प्रत्येकाचा विमा किंवा ईएसआय आणि उंचीवर काम करायची वैद्यकीय तपासणी झालेली असली पाहिजे. आणि जुने पत्रे ठेकेदाराचे नाहीत.

या शेवटच्या कलमावर मी अडून बसतो. ठेकेदार म्हणतो, "साहेब, पत्रे मी उचलतो, तेवढे बिलातून कमी करा." ते पत्रे पुढे कुठे जातात? गावाकडे, गोठ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर, एखाद्या घराच्या पडवीवर. जे आपल्या कामगारांच्या डोक्यावर नको म्हणून आपण काढतो, तेच कोणाच्या तरी लेकरांच्या डोक्यावर जातं. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ॲस्बेस्टॉसचा कचरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रीतसर नोंदीनं विल्हेवाट केंद्रात पाठवायला हवा. अशी सामायिक केंद्रं रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथे आहेत. त्यांच्याशी महिनाभर आधी बोलून दर आणि गाडी ठरवा आणि तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरा. नंतर धरायला गेलात तर मालकांना तो वाढीव वाटतो.

खालची तयारी

चालू शेड म्हणजे उघड्या गाळ्याखाली माणसं काम करतात असं नव्हे. ज्या गाळ्यावर काम आहे तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा गाळा पूर्ण रिकामा असतो, बॅरिकेड लावलेला. प्रॉडक्शन बाकीच्या शेडमध्ये चालतं. त्यामुळे प्रॉडक्शनच्या मॅनेजरबरोबर बसून आठवडाभर आधी ठरवा की मंगळवारी चार नंबरचा गाळा बंद, तर त्याखालच्या तीन मशीनचा माल सोमवारी रात्रपाळीत काढून ठेवायचा. मी यासाठी एक चिठ्ठी वापरतो, आमच्याकडे तिला गाळा-चिठ्ठीच म्हणायचे. सकाळी शिफ्ट इनचार्ज सही करून गाळा छपराच्या टीमला देतो. संध्याकाळी टीम झाकून, साफ करून, सही करून परत देते. दोन्ही सह्या झाल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. साधा कागद आहे, पण "मला वाटलं काम झालं" या वाक्याला त्यानं जागाच ठेवली नाही.

पर्लिनीच्या खाली सेफ्टी नेट बांधायची, तिच्यावर बारीक जाळीचं कापड अंथरायचं. मोठी जाळी माणूस धरते, बारीक कापड तुकडे आणि नट-बोल्ट धरतं. मशीनवर जाड प्लास्टिक आणि वर ताडपत्री, पॅनेलवर वेगळं आवरण. पॅनेलचा पंखा चालू असेल तर ते झाकू नका, तापेल. आधी बंद करा, मग झाका.

आणि क्रेन! ईओटी क्रेन (डोक्यावरून रुळांवर धावणारी विजेची क्रेन) असलेल्या शेडमध्ये मी पहिली नजर तिच्याकडेच टाकतो. क्रेनला वीज देणारे बसबार कैचीच्या जवळून जातात. छपरावरच्या माणसाचा हात किंवा हातातला लांब पत्रा तिथे पोचू शकतो. त्या गाळ्याचं काम चालू असेपर्यंत क्रेनचा मेन बंद, त्यावर कुलूप आणि किल्ली छपराच्या सुपरवायझरच्या खिशात. क्रेन ऑपरेटरला नुसतं सांगून भागत नाही, कारण शिफ्ट बदलते आणि नवा ऑपरेटर ते ऐकायला हजर नसतो.

सूचना मराठी आणि हिंदी दोन्हीत लावा. पत्रे बसवणारी पोरं बऱ्याचदा उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडची असतात आणि आपला फलक त्यांना वाचता आला पाहिजे.

गाळ्याचा एक दिवस

समजा शेड १८ मीटर रुंद, गाळा ६ मीटरचा. एका पाख्याची, म्हणजे छपराच्या एका उताराची, लांबी साडेनऊ मीटरच्या आसपास. म्हणजे एका बाजूच्या पाख्यावर तीन मीटरचे साधारण चोवीस जुने पत्रे, प्रत्येकी ४० ते ४५ किलोचा. नवीन पत्रे मात्र सहा-सातच, कारण ते आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड येतात. नवी टीम असेल तर दिवसाला एक पाखं. हात बसला की दोन्ही.

सकाळी आठ. सगळे खाली उभे राहतात, दहा मिनिटं आज काय करायचं ते सांगायचं. हार्नेस (अंगावरचा सुरक्षा-पट्टा) प्रत्येकाचा तपासायचा. दोन दोऱ्यांचा हार्नेस हवा, म्हणजे एक हूक काढताना दुसरा अडकलेला असतो. लाइफलाइनची, म्हणजे हार्नेसचे हूक अडकवायची, तार कैचीच्या वरच्या पट्टीला बांधलेली असावी, पर्लिनला नाही आणि जे-हूकला (जुना पत्रा पर्लिनला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टला) तर कधीच नाही. हवामान बघायचं.

साडेआठ. पत्रे ओले करायचे. यासाठी महागडं काही लागत नाही. शेतात फवारणीला वापरतात तो पाठीवरचा पंप घ्या, पाण्यात थोडं डिटर्जंट टाका आणि हलकी फवारणी करा. पाइपानं जोरात पाणी मारू नका, त्यानं तंतू सुटतात आणि चिखल खाली जातो. वर चालायच्या फळ्या किमान दोन-तीन पर्लिनींवर टेकलेल्या आणि बांधलेल्या हव्यात. शक्य तिथे माणसं वर चढवायचीच नाहीत, खालून लिफ्टवर उभं राहून काढायचं.

जे-हूकचा नट तीस वर्षांत गंजून एकजीव झालेला असतो. तिथे गॅस कटर मागितला जातो. देऊ नका. खाली तेलकट फडकी, कूलंट, पॅकिंगचं लाकूड असतं आणि ठिणगी पडून तासाभरानंही पेटते. मोठा बोल्ट कटर घेऊन हूकची मान कापा. जे-हूक पर्लिनला मिठी मारून बसलेला असतो, मान कापली की खालचा भाग आपोआप सुटतो. ग्राइंडर तर सिमेंटच्या पत्र्याजवळ आणूच नका.

पत्रे आढ्याकडून वळचणीकडे काढत यायचं, जसे बसवले त्याच्या उलट क्रमानं. पत्रा अखंड उतरवायचा. वरून टाकायचा नाही, फोडायचा नाही, ट्रॉलीत मावत नाही म्हणून गुडघ्यावर मोडायचा तर नाहीच. खाली आला की जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून टेप लावायची आणि त्यावर ॲस्बेस्टॉस असं ठळक लिहायचं. काढणाऱ्यांना साधा कापडी मास्क चालत नाही. एफएफपी ३ किंवा पी १०० गाळणीचा मास्क हवा, आणि तो दाढीवर नीट बसत नाही, हे आधीच सांगून ठेवा. अंगावरचा डिस्पोजेबल सूट तिथेच काढून पिशवीत. कामाचे कपडे घरी धुवायला जाणार नाहीत, याची सोय कंपनीनं करायची.

साडेअकराच्या आसपास पाखं उघडं होतं आणि पर्लिनीची वरची बाजू दिसते. छप्पर बसवल्यापासून तिला कोणी पाहिलेलं नसतं. खालून ठणठणीत दिसणाऱ्या पर्लिनला वरून पापुद्रे सुटलेले असतात, मी एकदा बोटानं दाबून भोक पडलेलं पाहिलंय. जेवणाआधी प्रत्येक पर्लिन हातोडीनं वाजवून बघायची. खणखणीत वाजली तर तारेच्या ब्रशनं घासून लवकर वाळणारा जस्ताचा प्रायमर. भद्द वाजली तर जोडपट्टी किंवा नवी पर्लिन. यासाठी दोन-तीन पर्लिनी कापून, भोकं पाडून, रंगवून आधीच तयार ठेवा, नाहीतर ऐन दुपारी कटिंगच्या रांगेत उभे राहाल.

एक ते साडेतीन, नवीन पत्रे. पत्रा उचलताना वाऱ्यात तो हातात वळायला लागला की थांबायचं. तो क्षण प्रत्येक अनुभवी माणसाला कळतो, पण बोलायला तो कचरतो. टीममधल्या सगळ्यात लहान मुलालाही "थांबा" म्हणायचा हक्क आहे, हे सकाळीच सांगा.

चार वाजता आपल्या हातात एकच प्रश्न उरतो: आजच्या नव्या पत्र्याचा आणि उद्याच्या जुन्या पत्र्याचा जोड. दोघांची नळी वेगळी असते. सिमेंटच्या पत्र्याची लाट १४६ मिलिमीटरवर आणि ४८ मिलिमीटर खोल. नव्याचा उंचवटा चौकोनी आणि उथळ. एकावर एक चढवले तरी फट राहतेच. म्हणून दीड मीटर रुंदीची ताडपत्रीची पट्टी आढ्यापासून वळचणीपर्यंत, दोन्ही कडांना दोऱ्या ओवलेली, रोज तयार लागते. ती पर्लिनला खालून बांधायची. वर विटा ठेवून भागवायचं नाही. वीट घसरते, आणि जुन्या पत्र्यातून खाली जाते.

मग साफसफाई. कोरडा झाडू किंवा हवेचा ब्लोअर चालणार नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकी त्याच पिशवीत टाकायची. हेपा (अतिबारीक धूळ धरणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम भाड्यानं मिळाला तर उत्तम. नंतर आवरणं काढायची, क्रेनचं कुलूप काढायचं, चिठ्ठीवर सही करायची. दुसरी पाळी त्या गाळ्यात सुरू होते.

बसवतानाच्या चार गोष्टी

पावसाळी वारा आपल्याकडे साधारण नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पत्रे त्याच्या विरुद्ध टोकाकडून बसवत यायचे, म्हणजे प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. जोडात ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) हवी.

स्क्रू आपल्याकडे छपरावर उंचवट्यावर मारायची पद्धत आहे, तिथे पाणी साचत नाही. वॉशर ईपीडीएम रबराचाच. तो किती दाबायचा याची खूण सोपी आहे: काळं रबर धातूच्या टोपीच्या कडेबाहेर जरासं डोकावलं की थांबा. पसरून फाटलं तर दोन वर्षांत गळणार. वळचण, आढं आणि शेडची टोकं इथे वारा जास्त ओढतो, तिथे स्क्रू दाट मारा.

ड्रिलचा बुरा रोज संध्याकाळी मऊ केरसुणीनं झाडून टाका (हा धातूचा बुरा, इथे केरसुणी चालते). राहिला तर एका रात्रीच्या दवानं गंजतो आणि नव्या पत्र्यावर तपकिरी पुरळ उठतं. नवा पत्राही ग्राइंडरनं कापायचा नाही, कड जळते. निब्लर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) किंवा कात्री वापरा.

पत्र्यांची थप्पी किंचित उतारावर आणि झाकून ठेवा. दोन पत्र्यांत पाणी अडकलं तर बसवायच्या आधीच डाग पडतात.

पन्हळ विसरू नका

दोन शेडच्या मधली व्हॅली गटर ही खरी गळतीची जागा. पत्रे नवे कोरे आणि मधली पन्हळ जुनी ठेवली तर लोक छपरालाच नावं ठेवतील. त्या बाजूचे पत्रे निघालेले असतात तेव्हाच पन्हळ बदला, नंतर हात पोचत नाही. नवी बसली की तिची तोंडं बोळे घालून बंद करा, पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खाली एक थेंबही दिसता कामा नये. खाली उतरणारे पाइप मोजून घ्या. जुन्या शेडमध्ये चारांपैकी दोन पाइप मधेच कुठेतरी बुजलेले निघतात.

पहिला पाऊस

काम संपलं की पाइपानं पाणी मारून एकेक गाळा बघा, वळचणीकडून सुरुवात करून वर जा, म्हणजे गळती कोणत्या जोडातून आहे ते कळतं. पण पाइपाचं पाणी वाऱ्यासकट येत नाही. म्हणून ठेकेदाराच्या बिलातली ठरलेली रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा, आणि हे करारात पहिल्या दिवशीच लिहा.

जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीला मी खडू घेऊन शेडमधून चालतो. जिथे थेंब पडतो तिथे फरशीवर गोल करायचा, गाळ्याचा नंबर आणि वेळ लिहायची, फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की ठेकेदाराला बोलावून प्रत्येक गोलाच्या वर काय आहे ते लिफ्टवरून दाखवायचं. बहुतेक वेळा एखादा तिरका गेलेला स्क्रू किंवा चिमणीभोवतीची सुटलेली पट्टी निघते, अर्ध्या तासाचं काम. सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा खडू. ऑक्टोबरात परतीचा पाऊस गेला आणि फरशीवर नवा गोल उमटला नाही, की राखून ठेवलेले पैसे त्याच आठवड्यात देऊन टाका.